शर्यतीच्या वाटेवरचा सडा

मान आणि भार ही जुळी भावंडे आहेत. मनुष्याला वाटते, पहिल्याला पाटावर बसवावे आणि दुसऱ्याला दारातूनच निरोप द्यावा. परंतु दुसरे भावंड मागच्या दाराने आत येते आणि यजमान पहिल्याच्या सरबराईत गुंतलेला असताना थेट त्याच्या खांद्यावर चढून बसते. ज्याला मान हवा त्याने आधी आपला खांदा चाचपून पाहावा, हा विवेक मी भडगावच्या शाळेत संस्कृत शिकवताना कित्येक पिढ्यांना सांगितला. माझ्यावर तशी वेळ आली तेव्हा मात्र मी फक्त शालीचा रंग विचारला.

पौषातली सकाळ होती. मी अंगणात ऊन घेत बसलो होतो. शेजारचे नासीरभाई कुंपणापाशी येऊन हात पुसत उभे राहिले. त्यांचे मोटारसायकलींचे गॅरेज आमच्या भिंतीला लागून आहे. हात पुसत उभे राहणे हा त्यांचा काहीतरी मागण्याचा पवित्रा असतो, हे मला ते आठवीत माझ्या वर्गात होते तेव्हापासून ठाऊक आहे.

“गुरुजी, एक काम होतं. तुम्हाला काही करायचं नाही.”

ज्या कामात आपल्याला काही करायचे नसते, त्या कामासारखे दगदगीचे काम जगात दुसरे नाही. पण हे ज्ञान मला नंतर झाले.

गोष्ट अशी होती. नासीरभाईंचा मुलगा अल्तमश मातीच्या धावपट्टीवर मोटारसायकल पळवतो. येत्या हंगामातल्या अजिंक्यपद स्पर्धेत एका संघाची जागा रिकामी झाली होती आणि ती मिळवण्यासाठी बापलेकांनी ‘गिरणा रेसिंग’ नावाचा संघ उभारला होता. संघात एक गाडी, एक खेळाडू आणि एक मिस्त्री होता. अध्यक्ष तेवढा नव्हता. नियम असा की, अध्यक्ष प्रतिष्ठित असावा आणि खेळाडूचा नातलग नसावा.

“तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं,” नासीरभाई म्हणाले. “शाल-नारळ आमच्याकडे लागलं.”

“शाल कोणत्या रंगाची?” मी विचारले.

इतक्यात कुंपणापलीकडून रईसाभाभींचा आवाज आला. त्या अल्तमशच्या आई. “गुरुजी, हो म्हणायच्या आधी माझं पण ऐका. या साली जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर गाडी विकायची आणि पोरानं सुरतेला मामाच्या कापडाच्या दुकानात बसायचं. यानं मला जबान दिलीये. विचारा त्याला!”

अल्तमश मागे मान खाली घालून उभा होता. बावीस-तेवीस वर्षांचा तो तरुण. सुरतेचे नाव निघताच त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला कापडाच्या ठाणात गुंडाळून कोणी फळीवर ठेवले आहे. मला राहवले नाही. मी होकार दिला.

आमच्या सौभाग्यवतींनी आतून विचारले, “तुम्हाला सायकल तरी येते का हो?”

अध्यक्षपद आणि वाहनविद्या यांचा परस्परसंबंध नसतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि कुकरची शिट्टी होऊ दिली.

समोरचे हिलालअण्णा फ्लेक्सचे फलक छापतात आणि फावल्या वेळात सर्वांना सल्ला देतात. खरे तर उलट म्हणावयास हवे. तिसऱ्या दिवशी मी भाजीसाठी चौकात गेलो, तो एका जुन्या विद्यार्थ्याचे पालक माझ्या पायाशी वाकायला आले आणि अर्ध्यातच थांबून त्यांनी मला सलाम केला. मी वर पाहिले. चौकाच्या मध्यभागी, दोन खांबांच्या आधाराने, मी होतो. चेहरा माझा, माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभातला. डोळ्यांवर काळा गॉगल मात्र अण्णांचा, आणि मानेखाली कोणा धिप्पाड पुरुषाचे चामडी जाकीट, हाताची घडी घातलेले. समारंभातला हार अण्णांना काढता आला नसावा. तो जाकिटावर तसाच रुळत होता. खाली अक्षरे होती : ‘भावी चॅम्पियन गिरणा रेसिंग. आधारस्तंभ, मार्गदर्शक, वेगाचे वादळ.’ त्याखाली माझे नाव.

मी तडक अण्णांकडे गेलो. “अण्णा, वादळ एकवेळ मी सोसेन. पण ‘भावी चॅम्पियन’ हे असत्य आहे. या संघाने अद्याप एकही शर्यत जिंकलेली नाही.”

“गुरुजी, म्हणून तर ‘भावी’ लिहिलंय ना!” अण्णा दुखावले गेले. “भावीला तारीख असते का कुठं? आपल्या चौकात किती भावी नगरसेवक टांगलेत, बघा की. वारले त्यातले काही. कोणी तक्रार केली?”

या युक्तिवादाला न्यायशास्त्रात उत्तर असेलच. ते आठवत मी निघालो. घरी आलो तर सौभाग्यवतींनी फलक आधीच पाहिला होता. “जाकीट शोभतंय तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “टोपी तेवढी राहू द्यायला हवी होती. थंडीचे दिवस आहेत.”

पुण्याहून स्पर्धेचे निरीक्षक येऊन आमची चाचणी घेणार होते. चाचणीला धावपट्टी हवी. आमच्या ओळखीचे शेतकरी छगननाना यांनी कापूस वेचून झालेले शेत देऊ केले. पऱ्हाट्या उपटून, ट्रॅक्टर फिरवून नासीरभाईंनी तिथे वळणावळणाची गोल वाट काढली. राहिली शासकीय परवानगी. अध्यक्ष या नात्याने ती मी आणावयाची होती. कार्यालयाचे नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझा अपमान केला नाही, उलट बसायला स्टूल दिले.

“शर्यत ना?” टेबलामागचे भाऊसाहेब म्हणाले. “मग हा घ्या बैलगाडा शर्यतीचा अर्ज.”

“परंतु आमच्याकडे बैल नाहीत.”

“मग ओढतं कोण?”

“इंजिन.”

भाऊसाहेबांनी अर्ज वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. “गुरुजी, यात इंजिनाला जागाच नाही. जागा बैलाला आहे. तुम्ही असं करा, बैलाच्या ठिकाणी गाडीचं लिहा. फक्त पशुवैद्यकांचा दाखला जोडा, त्याशिवाय फाइल पुढं सरकायची नाही.”

“मोटारसायकलीला पशुवैद्यकांचा दाखला?”

“शर्यतीत पळणारं सुदृढ असावं, एवढंच शासनाचं म्हणणं आहे. गाडी सुदृढ नको का तुम्हाला?”

नको कसे म्हणणार! अल्तमशने गाडी दवाखान्यात नेली आणि आम्ही एक म्हैस व दोन शेळ्या यांच्या मागे रांगेत उभे राहिलो. डॉक्टर तरुण होते, माझे विद्यार्थी निघाले. गुरूला रिकाम्या हाताने पाठवू नये हा संस्कार त्यांच्यात शाबूत होता. त्यांनी गाडीभोवती आदराने एक फेरी मारली आणि लिहिले : ‘वर्ण लाल. शिंगे दोन, आडवी, टोकांस रबर. खुरांस रोग नाही. स्वभाव मारका नाही. तथापि लाथ मारल्याखेरीज उठत नाही.’ मागचा म्हैसवाला हे वाकून वाचत होता. तो म्हणाला, “आमची बी तशीच शे.”

परवानगी मिळाली. आता उणीव कशाचीच नव्हती, असे मला वाटले. आणि इथेच मी ते वाक्य बोललो, ज्याचे ओझे या कथेने पुढे वाहिले.

चाचणीच्या आदल्या सायंकाळी मी शेतावर गेलो होतो. धुळ्याच्या चुडामणशेठांचा संघही त्याच रिकाम्या जागेसाठी धडपडत होता. त्यांच्या मैदानावर लग्नाचा मांडव पडल्यामुळे दोन्ही संघांची चाचणी आमच्याच वाटेवर व्हायची ठरली होती. म्हणजे निरीक्षकही पाहुणे आणि प्रतिस्पर्धीही पाहुणेच. वाटेवर घोट्याएवढी धूळ होती. छगननानांच्या पत्नी, ताईबाई अक्का, बांधावर उभ्या होत्या. मी सहज म्हणालो, “अक्का, मोठे पाहुणे येताहेत. धूळ तेवढी बसेल असं काही करता आलं तर पाहा.”

“त्यानी फिकीर तुम्हीन नका करा, गुरुजी,” अक्का म्हणाल्या. “पाव्हना देखतच राही, असं करसूत.”

नासीरभाईंच्या मनात पाण्याच्या टँकरचे होते. पण अक्कांच्या घराण्यात पाहुण्यापुढची धूळ बसवण्याची एकच रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ती टँकरची नव्हे.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सूर्य नुकताच केळीच्या बागेवर आला होता आणि त्याच्या किरणांत आमची धावपट्टी हिरवी, ओली, अतिशय मंगल अशी चकाकत होती. अक्कांच्या बचत गटाच्या सर्व स्त्रियांनी गल्लीतले सगळे गोठे रिते करून, बादल्या-घमेल्यांनी शेणकाला वाहून, साऱ्या वाटेवर सडा घातला होता. वळणांवर तर नुसता सडा त्यांना अपुरा वाटला, म्हणून तिथे हातांनी सारवून, बोटांची नक्षी उमटवली होती. आरंभरेषेवर रांगोळी होती : कलश, दोन मोर, ‘सुस्वागतम्’, आणि मधोमध एक मोटारसायकल, तिच्या चाकांत कमळे.

अक्का कमरेवर हात ठेवून अभिमानाने उभ्या होत्या. “कसं शे, गुरुजी? एक कण धूळ उडी ते सांगा!”

एक कणही उडणार नव्हता, हे सत्यच होते. नासीरभाई मटकन बांधावर बसले. “गुरुजी,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “यावर शेळी उभी राहायची नाही.”

“ऊन लागेल. वाळेल.”

“दुपारपर्यंत वाळेल. साहेब आले.”

निरीक्षक श्री. आगटे पांढरे बूट घालून आले होते. त्यांना दुपारी भुसावळहून गाडी गाठायची होती, त्यामुळे थांबणे शक्य नव्हते. त्यांनी वाट पाहिली, हुंगली, आणि काही बोलण्याआधी परवानगीचा कागद मागितला. तो त्यांनी जोडलेल्या दाखल्यासकट मोठ्याने वाचला. ‘लाथ मारल्याखेरीज उठत नाही’ इथे त्यांनी चष्मा काढून पुसला.

“अध्यक्ष आपणच ना? फलकावर पाहिलं आपल्याला. जाकीट नाही आणलं?”

मी शाल सावरली. अशा वेळी शालीचा मोठा आधार वाटतो.

एवढ्यात धुळ्याचा संघ आला. चुडामणशेठांसह सर्वांना एकसारखी निळी जाकिटे, गाडी आणायला वेगळी बस, बसमध्ये कॉफीचे यंत्र. त्यांचा खेळाडू दीपक याच्या गाडीचे टायर परदेशी होते, असे शेठ आम्हाला कॉफी न देता सांगत राहिले. दीपकने वाटेकडे पाहिले. “शेठ, हे काय टाकलंय?”

“काही असो. आपले टायर कशावर पण चालतात.”

आगटेसाहेबांनी निकष सांगितला : दोघे एकदम सुटतील, एक फेरी, जो गाडी न सोडता अंतिम रेषा ओलांडेल त्याचा विचार होईल. कोणी स्वतःहून थांबायचे म्हणाले तर तिथेच थांबवतील. अंतिम रेषा रांगोळीच्या बरीच अलीकडे आखली होती आणि तिच्या पलीकडे त्यांचे टेबल होते. माझी प्लास्टिकची खुर्ची, ‘अध्यक्षांना नीट दिसावे’ म्हणून, शेवटच्या वळणावर मांडली होती. रईसाभाभी डोक्यावर पदर घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. सुरत त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

झेंडा पडला. दीपक सुटला आणि एका मोराच्या मानेवरून सरळ निघून गेला.

“आरे, आरे! मना मोर!” अक्का आपल्या मोरासाठी ओरडल्या.

अल्तमश मात्र जागेवरच थांबला. त्याने रांगोळीकडे पाहिले, मग अक्कांकडे पाहिले. मग तो गाडीवरून उतरला, आणि गाडी हाताने ढकलत, उरलेल्या मोराला व कमळांना वळसा घालून, रांगोळीच्या बाजूने पलीकडे गेला.

“आरे पोऱ्या, जाय ना!” आता अक्काच त्याला हाका मारू लागल्या. “पुसाई जाई ते पुसाई जाई! सकायले पुन्हा काढसू!”

नासीरभाईंनी डोक्यावर हात मारून घेतला. “या पोरानं रांगोळीपायी शर्यत घालवली!”

पण शर्यत अजून पहिल्या वळणावर पोचायची होती. दीपक तिथे सर्वांत आधी पोचला. परदेशी टायरांना खानदेशी सारवणाची ओळख नव्हती. वाट वळली; दीपक वळला नाही. तो अत्यंत सरळ, अत्यंत शांतपणे, काहीच घडत नसल्यासारखा छगननानांच्या केळीत शिरला. ठिबकची नळी फुटली आणि पाण्याचा बारीक फवारा उडाला.

“मन्या केळी!” नाना आपल्या केळींकडे धावले.

“दीपक, ऊठ!” शेठ बसच्या पायरीवरून ओरडले.

केळीतून आवाज आला, “शेठ, उठतो कसा? गाडी कुठंय तेच दिसत नाही! मी काय धरून बसलोय ते आधी बघू द्या!” तो केळीचा खुंट धरून बसला होता. गाडी त्याच्या बरीच पुढे, एका चरात आडवी होती.

इकडे अल्तमश निघाला. त्याच्या वेगाविषयी मी अध्यक्ष म्हणून मौन पाळणेच योग्य. दोन्ही पाय जमिनीला लावून, गोठ्यातून वाट काढावी तसा तो येत होता. पहिल्या वळणावर तो पडला. हँडल त्याने सोडले नाही. उठला. दुसऱ्या वळणावर गाडी त्याच्याभोवती फिरली आणि तो पुन्हा पडला, पुन्हा उठला. बांधावरच्या स्त्रियांना आपण कोणती क्रीडा पाहत आहोत याची कल्पना नव्हती, पण दर वेळी तो उठला की त्या टाळ्या वाजवत. तिसऱ्या वेळी तो उठला तेव्हा त्याचा वर्ण आणि वाटेचा वर्ण यांत भेद उरला नव्हता.

“बस झालं रे!” नासीरभाई कळवळून ओरडले. “सोड आता!”

“सोडायची नाही, अब्बा!” हिरव्या आकृतीने उत्तर दिले.

शेवटचे वळण आले. तिथे मी होतो. मी उठावयास हवे होते हे आता मलाही पटते. परंतु अध्यक्षाने आपल्या खेळाडूकडे पाठ फिरवून पळणे मला प्रशस्त वाटले नाही. गाडी आडवी झाली आणि घसरत, मंद गतीने, एखादी म्हैस अंग घासायला यावी तशी माझ्या खुर्चीला येऊन टेकली. खुर्चीच्या पायांखाली अक्कांचे सर्वोत्तम सारवण होते. खुर्ची निघाली. मी तिच्यात होतो. मागे गाडी, गाडीचे हँडल धरून पोटावर घसरणारा अल्तमश, आणि सर्वांत पुढे शाल पांघरलेला मी, अशा क्रमाने गिरणा रेसिंगने अंतिम रेषा ओलांडली आणि आगटेसाहेबांच्या टेबलाला धडकून विराम घेतला. साहेबांचे बूट तोवर पांढरे होते.

बांधावरच्या स्त्रियांत आमच्या सौभाग्यवतीही होत्या. त्यांचा आवाज ऐकू आला, “लागलं नाही ना हो? मग ते फलकावरचं वादळ म्हणजे हेच का?”

आगटेसाहेबांनी वाकून पाहिले. अल्तमशचा हात हँडलवरच होता. “गाडी सोडली नाही,” ते नाइलाजाने म्हणाले. “खुर्चीविषयी नियमांत काही नाही.” तिकडे दीपकला दोघांनी धरून केळीतून आणले होते आणि तो पुन्हा गाडीवर बसायला स्पष्ट नकार देत होता. चुडामणशेठ म्हणाले, “साहेब, हा अन्याय आहे! आमचा संघ येत्या हंगामात पहिला येणार, हे मी लिहून देतो!”

साहेब माझ्याकडे वळले. मी अजून खुर्चीत होतो. उठण्यासाठी लागणारा कोरडा आधार हाताशी नव्हता. “अध्यक्ष, आता तुम्ही सांगा. तुमच्या फलकावर ‘भावी चॅम्पियन’ लिहिलंय. येत्या हंगामात या संघाच्या अजिंक्यपदाची शक्यता किती? खरं सांगा, मगच मी निर्णय करीन.”

बांधावरून रईसाभाभी खाली उतरल्या होत्या. अल्तमश, डोळे तेवढे पांढरे, माझ्याकडे पाहत होता. एका शब्दाने त्याची सुरत टळणार होती. तो शब्द चौकात फलकावर छापलेलाही होता. मला फक्त उच्चारायचा होता. मी जन्मभर शब्दांच्या शुद्धतेचा व्यवसाय केला. त्या हिरव्या अवस्थेत मला फार एकटे वाटले.

“शक्यता नाही,” मी म्हणालो.

नासीरभाईंनी डोळे मिटले. अल्तमशची मान खाली गेली.

“अजिंक्यपद यंदा आम्हाला मिळणार नाही,” मी पुढे म्हणालो. “बहुधा पुढल्या वर्षीही नाही. आमच्याकडे एकच गाडी आहे. मिस्त्री उत्तम आहे, पण बस नाही. हा मुलगा शेवटून पहिला येईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. फक्त एक सांगतो : तो पडेल तेव्हा तुम्हाला त्याला उचलायला माणूस पाठवावा लागणार नाही, आणि कोणाचे काही तुडवून तो पुढे जाणार नाही. याहून अधिक खात्री माझ्यापाशी नाही.”

आगटेसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, संतापाने. पण ते हसत होते.

“गुरुजी,” ते डोळे पुसत म्हणाले, “आतापर्यंत मी जितके संघ तपासले, त्या प्रत्येकाच्या अध्यक्षांनी पहिला नंबर आमचाच म्हणून सांगितलं. सगळेच पहिले! अहो, कोणीतरी शेवटचं यायला नको का? शेवटच्या नंबरसाठी मला उमेदवारच मिळत नव्हता. तुमचा मुलगा घेतला.”

रईसाभाभींनी साहेबांना थांबवले. “साहेब, शेवटचा आला तर हाकलणार नाही ना?”

“शेवटपर्यंत आला तर नाही.”

त्यांनी मुलाकडे वरून खालपर्यंत पाहिले. “चल, आंघोळ कर आधी,” त्या म्हणाल्या. “सुरतेला मी फोन करते.” आणि पदराने त्याचा चेहरा पुसू लागल्या. चेहरा सापडायला जरा वेळ लागला.

मग अक्कांनी ठिबकची तीच फुटलेली नळी धरून सर्वांना ओळीने धुतले : आधी पाहुणे म्हणून दीपकला, मग अल्तमशला, मग खुर्चीसकट मला. बांधावर पऱ्हाट्यांच्या काट्या पेटवून वांगी भाजली गेली. भरीत-पुऱ्यांच्या पंगतीत चुडामणशेठांचा राग दुसऱ्या वाढपाला निवळला आणि त्यांनी बसमधून कॉफी आणवली. दीपक अल्तमशला विचारत होता, “पाय कसे टेकवतो रे तू? दाखव ना पुन्हा.” छगननाना मोडलेल्या केळी मोजायला निघाले होते, अक्का म्हणाल्या, “ऱ्हावू द्या हो. पाव्हना शे.”

संघाला पहिल्या शर्यतीसाठी निघायचे होते त्या सकाळी टेम्पो आमच्या दाराशी उभा राहिला. अल्तमश माझ्यासमोर येऊन वाकला आणि म्हणाला, “गुरुजी, जिंकून ये म्हणा ना. एकदा. नुसतं म्हणायला.”

मला तसे म्हणता आले नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनात जे आले ते हलकेच बोललो : बाळ, तू जिथे पडशील तिथली माती मऊ असो. तुझ्याआधी पोचणाऱ्यांचे भले होवो, आणि तुझ्या मागे कोणी राहिला तर त्याचेही. दीपकचे हाड शाबूत राहो. ज्या मातेने तुला जाऊ दिले तिची झोप सुखाची होवो. ताईबाईंच्या गोठ्यात बरकत असो. तुम्ही सगळे धड घरी या.